आवाज बंद केलेले धडे

आमचे हे बस स्थानकावर गाड्या पुकारायचे. सत्तावीस वर्षं. ड्रायव्हर लोक त्यांना ‘भोंगा’ म्हणत, आणि घरात तोंडाचा पट्टा सुरू झाला की मीही म्हणायची. आता त्या चेष्टेची लाज वाटते.

ह्यांना मेंदूचा झटका आला. पाय महिन्याभरात सावरला, बोलणं गेलं ते गेलंच. सगळं कळतं, पण चहा हवा असला तर कपाकडे बघून ‘ते... ते...’ एवढंच. दवाखान्यात वाचा-उपचाराच्या बाईंकडे महिन्यातून एकदा नंबर लागे. त्या म्हणाल्या, “परदेशी लोकांना भाषा शिकवणारी फुकटची अ‍ॅप असतात. मधल्या दिवसांत त्यावर सराव करा. पण तोंडाने बोलून घ्या हं, नुसती बोटं चालवू नका.”

मुलीने फोनवर मराठी लावून दिलं. ज्या माणसाने जन्मभर मराठीत अख्खं स्थानक हलवलं, तो ‘हे सफरचंद आहे’पासून बसला. चित्र बघून शब्दावर बोट ठेवलं की टिंग वाजे, हिरवी खूण येई. मग माइकचं चित्र येई. हे तोंड उघडत, फोन गुरगुरे, लाल फुली. एका सकाळी पाचवी फुली आली तेव्हा टेबलावर डोकं टेकून हमसून हमसून रडले. मला बघवलं नाही. मी सेटिंगमध्ये जाऊन बोलायचे धडेच बंद करून टाकले. कुणाला सांगितलं नाही.

मग काय, हिरव्याच हिरव्या खुणा. एकशे बारा दिवस सलग. मुलगी सासरी, तिच्या फोनवर खुणाच तेवढ्या दिसत; ती सगळ्या नातेवाइकांना दाखवत सुटली. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून मीही मिरवलं. हे माझ्याकडे नुसते बघायचे.

त्या खुणांच्या भरवशावर मुलीने डेपोत अर्ज दिला. साहेबांनी कळवलं, एक गाडी पुकारून दाखवा, दुसऱ्या दिवसापासून कामावर या. नाही जमलं तर मात्र घरी बसवावं लागेल. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. माझी वाचा काही गेली नव्हती. पण वाटलं, ती जुनी खुर्ची, तो माइक समोर आला की जिभेला आपसूक आठवेल.

ह्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. साहेबांनी माइक सुरू करून कागद पुढे ठेवला: ‘फलाट पाचवरची गाडी सुटत आहे.’ ह्यांनी एकेका शब्दावर नीट, क्रमाने बोट ठेवलं आणि वर बघितलं. टिंग वाजायची वाट बघत होते.

“काका, तोंडाने,” साहेब हळूच म्हणाले.

“ते... ते...”

अख्ख्या स्थानकाने ऐकलं. काचेपलीकडे ड्रायव्हर वर बघायला लागले, त्यातल्या एकाने डोक्यावरची टोपी काढली. साहेबांनी माइक बंद केला.

घरी येऊन मी मुलीला खरं सांगितलं. ती आठ दिवस माझ्याशी बोलली नाही, बरोबरच केलं तिने. बोलायचे धडे मी पुन्हा सुरू केलेत. आता ह्यांना कुठलीच गाडी पुकारायची नाही, तरी रोज सकाळी बसतात. फोन गुरगुरतो. हे टेबलावर डोकं टेकतात. मी शेजारी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसते, सेटिंगकडे जाऊ नयेत म्हणून.