एका बैलाची पेरणी

हिंगोलीच्या बसस्टँडवर आबांनी माझी बॅग सीटखाली सरकवली आणि खाली उतरून खिडकीशी आले. "कुणापुढं हात पसरू नको, माय," एवढंच म्हणाले. मी रडले नाही. पुसेगावातून लॅब टेक्निशियन होऊन पुण्याला निघालेली मी पहिली पोरगी. ताठा काय कमी होता?

गावात राहिलेल्यांनो आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनो, हसू नका, पण ते वाक्य मी बारा वर्षं जपलं. लग्न झालं, मुलगी झाली, स्वतःचा फ्लॅट झाला. मग नवरा कंपनीच्या कामावर सहा महिने गुजरातला गेला आणि त्याच आठवड्यात सासूबाई बाथरूममध्ये पडल्या. खुब्याचं ऑपरेशन झालं. दिवसा त्यांच्यापाशी एक बाई असे. बाकी सगळं माझ्यावर. आबांचा फोन आला की मी म्हणायची, "समदं बराबर हाय." लॅबमधल्या साहेबांकडे सुट्टी मागितली नाही, शेजारी कुणाला बोलले नाही. उलट, बघा कशी एकटी निभावते, असं मनातल्या मनात मिरवत होते.

एका संध्याकाळी लॅबमधून थेट घरी आले, कणीक मळायला घेतली आणि पाळणाघरातून फोन आला. मी लेकीला आणायचंच विसरले होते. पोटच्या लेकराला! गेले तेव्हा ती दप्तर पाठीला लावून दाराकडे तोंड करून बसली होती. पाळणाघरातल्या ताई रागावल्या नाहीत. "तुमचं इथं कुणी नाही का?" एवढंच विचारलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी येऊन आबांना फोन लावला आणि पहिल्यांदा खरं सांगितलं. त्यांनी उलट मलाच विचारलं,

"आपल्याकडं बैल किती व्हते?"

"एक."

"मंग पेरणी कशी व्हायची?"

मला माहीत होतं. शेजारच्या नामदेवकाकांकडेही एकच बैल. दरसाल मृगाआधी आबा त्यांच्या ओट्यावर जाऊन बसायचे आणि सावड ठरायची: दोघांचे बैल एका तिफणीला, एक दिवस आमचं रान, एक दिवस त्यांचं.

"मीच जायचो न्हाई का नामदेवच्या दारात? त्याला हात पसरणं म्हनत न्हाईत. तू काहून एकटी वढून राहिलीस?"

दुसऱ्या दिवशी समोरच्या सुलभाताईंची बेल वाजवली. संध्याकाळी मुलीला पाळणाघरातून आणाल का, हे वाक्य मी जिन्यात तीनदा घोकलं होतं, तरी बोलताना शब्द उलटसुलट झाले. त्यांनी हात धरून आत नेलं. त्यांचे यजमान अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले. रक्ततपासणीला दर महिन्याला दोन माणसं लावून त्यांना उचलून खाली न्यावं लागे. "घरी येऊन रक्त घ्याल का, असं वर्षभर तुम्हाला विचारीन म्हणते," त्या म्हणाल्या, "पण तुम्ही कधी कुणाला काही सांगत नाही. धीरच झाला नाही." हे मात्र मला फार लागलं. माझ्या ताठ्यापायी त्या माणसाचे वर्षभर हाल झाले.

आता त्यांचं रक्त मी घरीच काढते आणि लेक सुलभाताईंचं बोट धरून घरी येते. या सावडीचा मला डिप्लोमापेक्षा जास्त अभिमान आहे, आणि तो मी उघड मिरवते.

मागच्या महिन्यात मला ताप होता. आमचं आणि सुलभाताईंचं, दोन्ही दारं उघडी होती. पांघरुणातूनच ओरडले, "ताई, चहा टाका, आलं घालून."

"टाकलाय," तिकडून आवाज आला.

पुसेगाव सोडल्यापासून त्या दिवशी मी पहिल्यांदा घरी होते.