जास्वंद मी बुडवली नाही

आमच्या नात्यागोत्यात माझ्याविषयी एक हकीकत सांगितली जाते. मुलुंडला एकटा राहणारा हा म्हातारा झाडांना पाणी घालतो, घातल्याचे विसरतो, पुन्हा घालतो, आणि अशा रीतीने त्याने आपली जास्वंद बुडवून मारली. मध्यंतरी एका बारशाला ती मी स्वतःच्या कानांनी ऐकली. सांगणारीला मी मागे उभा असल्याची कल्पना नव्हती, आणि ऐकणारे तोंडात पेढा ठेवून हसत होते. ही हकीकत साफ खोटी आहे. विनोद म्हणून मी ती सोडूनही दिली असती. पण तिच्याच आधारावर माझे घर भाड्याने देऊन मला चारकोपला मुलीकडे नेण्याचे घाटत होते. म्हणून खरे काय घडले ते लिहून ठेवतो.

आमची इमारत नव्याने बांधली गेली तेव्हा सोसायटीने गॅलरीत मातीच्या कुंड्यांना मनाई केली. मग मुलीने कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या, दाबलेल्या विटा आणून दिल्या. "बाबा, हलकं असतं. चिखल नाही, काही नाही. फक्त पाणी घालायचं."

घोटाळ्याला सुरुवात या 'फक्त'पासून झाली. मातीत झाडाला खाण्यासारखे थोडेबहुत असते. या भुशात जवळजवळ काहीच नसते. तो पाणी धरतो आणि मुळांना आधार देतो, एवढेच त्याचे काम. खाणे आपण पाण्यातून द्यायचे: विरघळणारे खत, अगदी पातळ करून, आणि तळाच्या भोकांतून थोडे वाहून जाईल इतके, म्हणजे साठलेले क्षार त्याबरोबर निघून जातात. एका औषध कारखान्याचा बॉयलर विभाग मी निवृत्त होईपर्यंत चालवला. बॉयलरच्या पाण्यातही क्षार साठतात आणि ते वेळोवेळी तळातून सोडून द्यावे लागते. तेव्हा हे तत्त्व मला कोणी येऊन शिकवण्याची गरज नव्हती.

शिवाय हा भुसा दिसतो तसा नसतो. वरचा थर उन्हाने बघता बघता फिकट आणि कोरडा होतो, पण आत वीतभर ओल असते. म्हणून डोळ्यांवर विसंबायचे नाही. कुंडी दोन्ही हातांनी उचलायची. जड लागली तर हात लावायचा नाही, हलकी लागली तर खतपाणी द्यायचे. रोज सकाळच्या चहानंतर मी हेच करत असे. मुलीला ते दाखवलेही होते.

"बाबा, झाडं आहेत ती, भाजी नाही तोलायला," ती म्हणाली. "उगाच कंबर धरेल."

कंबर धरली नाही. उन्हाळा चढू लागला आणि गॅलरीतल्या कुंड्या हलक्या होईनाशा झाल्या. नियमाप्रमाणे मी पाणी थांबवले. खत पाण्यातूनच जात असल्याने तेही थांबले. जास्वंदीची पाने पिवळी पडली, कळ्या उमलण्याआधीच गळू लागल्या. एका संध्याकाळी पाहतो तर कुंडीखालच्या ताटलीत पाणी साठलेले. मी तर त्या आठवड्यात थेंबही घातला नव्हता.

निदान मला तसे वाटत होते. खुर्चीवर बसून मी त्या ताटलीकडे पाहत राहिलो आणि, लिहायला संकोच वाटतो, मला भीती वाटली. मुलगी म्हणते ते खरे असेल तर? पण मी ज्या खोलीत झोपतो तिच्या खिडकीत मिरचीची एक कुंडी होती. तोच भुसा, तेच खत, तोच माणूस. ती वेळेवर हलकी होत होती आणि तिला नवी पालवी फुटली होती. विसराळूपणा खोली पाहून येत नाही. कोणीतरी बाहेरच्या बाहेर गॅलरीत येत होते.

दुसऱ्या दिवशी जेवल्यानंतर मी आत न जाता बाहेरच्या खोलीत दाराआड बसलो. थोड्या वेळाने कुलपात किल्ली फिरली. समोरच्या ब्लॉकमधल्या वहिनी, मूळच्या मालवणकडच्या, हातात तांब्या घेऊन चवड्यांवर गॅलरीकडे निघाल्या. अडीअडचणीसाठी माझ्या दाराची एक किल्ली त्यांच्याकडे असते.

"वहिनी!"

"अगो बाय माझे!" तांब्यातले अर्धे पाणी लादीवर सांडले. "काका, तुमी झोपूक नाय?"

"हे काय चाललंय?"

"पाणी घालते हो झाडांना. ताई म्हणाल्या, बाबा विसरतात, जरा बघत जा. वरून बघा ना, कशी कोरडी ठणठणीत पडलीत बिचारी! तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून तुम्ही पडलात की येते."

आधी माझ्या जिवात जीव आला. राग त्यानंतर आला, पण सव्याज आला.

रविवारी मुलगी आली. आल्या आल्या पर्स टेकवून ती न्हाणीघरातला मग भरून गॅलरीत जाते, हेही मला त्याच दिवशी उमगले. घर पाहायला चार वाजता एजंट येणार असल्याचे तिने जाता जाता सांगितले.

"तो पाण्याचा मग आधी खाली ठेव," मी म्हणालो. "आधी म्हणायचीस, मी पाणी घालायला विसरतो. आता म्हणतेस, घातल्याचं विसरतो. यातलं नक्की कुठलं?"

"विसरणारा माणूस काहीही विसरतो, बाबा."

उत्तर उत्तम होते. शेवटी मुलगी माझीच.

"ती जास्वंदीची कुंडी उचल."

"आता हे काय नवीन?"

"उचल."

तिने उचलली आणि लगेच टेकवली. "आई गं! दगड भरलेत का?"

"बोट घाल आत."

दोन पेरे आत गेलेले बोट काळपट, ओले होऊन बाहेर आले, कुबट वासासकट. मी आतून मिरचीची कुंडी आणून तिच्या हातांत दिली. दोन्हींचा वरचा थर सारखाच सुका होता. पण मिरचीची कुंडी तिने एका हाताने पेलली. तिने ती जास्वंदीशेजारी टेकवली.

"वहिनींना मीच सांगितलं होतं," मग ती म्हणाली.

"मला कळलंय."

"तुम्ही इथे एकटे, मी तिकडे. पाणी घातलं की वाटायचं, बाबांसाठी काहीतरी केलं."

"त्यासाठी फोन कर. झाडांना उपाशी ठेवून बुडवू नकोस."

"आणि परवा गॅस चालू राहिला होता, त्याचं काय?"

"तो खटला वेगळा. तो आणशील तेव्हा तोही लढवीन."

तिला हसायचे नव्हते, तरी ती हसली. तेवढ्यात बेल वाजली. दार मीच उघडले.

"घर भाड्याने द्यायचं नाही," मी एजंटला सांगितले.

त्याने माझ्या खांद्यावरून मुलीकडे पाहिले. "ताई, तुम्हीच बोलावलं होतं ना?"

ओल्या भुशाने माखलेले बोट ओढणीला लागू नये म्हणून तिने हात अंगापासून लांब धरला होता. "बाबांचं घर आहे," ती म्हणाली. "ते म्हणतील तसं."

हे वाक्य बारशाला कोणी सांगत नाही. किल्ली अजून वहिनींकडेच आहे, मात्र आता त्या आधी बेल वाजवतात. जास्वंद वाचली नाही. मुळे कुजून काळी पडली होती. ती मी माझ्या हातांनी उपटली. तेवढे मी केले. मारली मी नाही.