पडवळ सर डोंगराखाली राहायला गेले

डॉ. केशव पडवळ सरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझे वडील घाईघाईने गॅसचे सिलिंडर पलंगाखाली ढकलत होते. टोकावड्याला माळशेजच्या रस्त्यावर आमचा ढाबा आहे. खांद्याला पिशवी आणि हातात वही असलेले एक गृहस्थ आले आणि चहा सांगायच्या आधीच विचारू लागले, सिलिंडर किती, तांदूळ किती, एका वेळेला किती माणसं जेवतील? बाबांना वाटलं, तपासणीचा साहेब आला. घरचे सिलिंडर ढाब्यावर वापरणं बेकायदा, म्हणून ही लपवाछपवी. “एकच हाय साहेब, तो पन संपत आलाय. आनि जेवायला येतंय कोण इकडं?” बाबा म्हणाले. सरांनी ते सगळं गंभीर चेहऱ्याने उतरून घेतलं, चहा घेतला आणि गेले.

त्याच पावसाळ्यात घाटात दरड आली. एसटीच्या गाड्या टोकावड्याला अडकल्या. बाबांनी पलंगाखालचं सगळं बाहेर काढलं आणि अडकलेल्या लोकांना भात-आमटी वाढली. दुसऱ्या दिवशी सर हजर. मांडून ठेवलेल्या सिलिंडरांकडे त्यांनी शांतपणे पाहिलं आणि म्हणाले, “दादा, तुमचं सिलिंडर व्यालं वाटतं.” बाबा लाजेने लाल झाले. मग कळलं की हे कसले साहेब नव्हेत, शहापूरला राहणारे प्राध्यापक आहेत आणि घाट बंद पडला तर अडकलेल्यांच्या पोटाची सोय कुठे होईल याचा अभ्यास करत हिंडतात. त्या दिवसापासून सरांनी पिशवी आणि वही घरी ठेवायला सुरुवात केली. आधी समोरच्याकडे बसायचं, आपलं नाव-गाव सांगायचं, मग जमलं तर विचारायचं. निघताना त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, “ही काय करते?” बारावी झालीय, आता स्थळं बघतोय, असं बाबांनी सांगितलं. सर म्हणाले, “स्थळं पळून जात नाहीत. हिला शहापूरला पाठवा, कॉलेज करेल आणि मला मदतही करेल.” बाबांची ती लाज माझ्या कामी आली. मी शहापूरला गेले आणि सरांच्याच घरी, त्यांच्या पत्नी शालिनीकाकूंच्या हाताखाली राहिले.

आपत्ती व्यवस्थापन म्हटलं की लोकांना भोंगे, होड्या आणि हेल्मेट घातलेली माणसं आठवतात. सरांचं संशोधन त्याच्या पुष्कळ आधी सुरू होतं. संकट यायच्या आधी कोणी कुठे जायचं, काय खायचं आणि कोणी कोणाला हाक मारायची, एवढाच त्यांचा विषय. त्यासाठी त्यांनी शहापूर आणि मुरबाड हे दोन्ही तालुके पायाखाली घातले. परिषदांतून त्यांच्या निबंधांना मान मिळाला, त्याबद्दल या गौरवग्रंथात इतर लेखक लिहितीलच. मला आठवतो तो एका पुरानंतर आलेला मदतीचा ट्रक. देणाऱ्यांची भावना चांगली होती, पण ट्रकभर होते जुने कोट आणि विटलेल्या साड्या. सरांनी तो सरळ परत पाठवला. आम्ही सगळे थक्क. आलेली मदत कोणी परत पाठवतं का? सर म्हणाले, “यांच्या चुली भिजल्यात. सुकी लाकडं, काडेपेटी आणि ताडपत्री आणा. माणूस पुरात सापडला म्हणून भिकारी होत नाही.” तेव्हा सरांवर टीका पुष्कळ झाली. पण संध्याकाळपर्यंत लाकडं आली.

आणि हेच कडक सर माझे बाबा गेले तेव्हा टोकावड्याला आले, ते दिवस होईपर्यंत हलले नाहीत. आई कोपऱ्यात बसून होती आणि मला काही सुचत नव्हतं. सरांनी कमरेला पंचा गुंडाळला आणि ढाब्यावर उभं राहून चहा केला. चहा वाईट व्हायचा. आमचे नेहमीचे ड्रायव्हर तो निमूटपणे प्यायचे आणि कुणी तक्रार केली नाही. सांत्वनाचा एक शब्द सर माझ्याशी बोलले नाहीत, पण ढाबा एकही दिवस बंद राहिला नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येते. ती लिहिताना माझं डोकं आजही तापतं.

सिद्धगडाच्या बाजूला डोंगराच्या कुशीत खैराची वाडी आहे. भातशेती करणारी जुनी घरं, सगळे एकमेकांचे भाऊबंद. वाडीच्या वरच्या उताराला भेग गेलेली आमच्याच पाहणीत दिसली. वाडी धोक्यात आहे आणि ती हलवायला हवी, असा अहवाल सरांनी दिला. हलवायचा आराखडाही त्यांनीच केला. एकाच ठिकाणी पुरेशी जागा मिळत नव्हती म्हणून अर्धी घरं रस्त्याच्या अलीकडे आणि अर्धी पलीकडच्या गावाजवळ अशी वाटणी झाली. सरांनी वाडीत बैठक घेऊन सगळं समजावून सांगितलं. लोकांनी माना डोलावल्या, पण हललं कोणी नाही. शेवटी भागीबाई उठल्या. वाडीतल्या सगळ्यांत वडील बाई, त्यांच्या शब्दाबाहेर कोणी नाही. म्हणाल्या, “मास्तर, तुमी सांगता चांगलं. पन पावसात तुमी शहापूरला झोपता नि आमी हितं. डोंगर पडंल म्हनून तुमाला ठावं हाय, तर एक पावसाळा ऱ्हाऊन बघा.”

बैठकीत असं कोणीतरी म्हणतंच. आम्ही हसून सोडून दिलं. सरांनी सोडलं नाही. पावसाळ्याच्या तोंडाशी त्यांनी वाडीत एक मातीच्या भिंतीचं घर भाड्याने घेतलं आणि शहापूरच्या पक्क्या घराला कुलूप लावायचं ठरवलं. सत्तरी उलटलेला, निवृत्त झालेला माणूस! मला निरोप कळला तेव्हा मी शिकवते त्या कॉलेजातून तशीच शहापूरला धावले. काकू पातेली पोत्यात भरत होत्या. मी म्हटलं, “काकू, तुम्ही तरी त्यांना अडवा. ती जागा राहायला धोक्याची आहे असं त्यांनी स्वतःच लिहून दिलंय.” काकू म्हणाल्या, “माहीत आहे गं. म्हणून तर मी सोबत चाललेय. एकट्यांना पाठवू का?” सरांना म्हटलं, हे वेड आहे. ते म्हणाले, “असेल. पण भागीबाईंच्या प्रश्नाला माझ्याजवळ दुसरं उत्तर नाही.”

पुढचा धक्का लावणीच्या दिवसांत बसला. वाडीत सावड चालते. आज सगळी वाडी शिवरामच्या शेतात लावणीला, उद्या भागीबाईंच्या, परवा तिसऱ्याच्या. कोणत्याच घरात आपली लावणी आपण उरकण्याइतके हात नाहीत. हे ऐकून सगळ्यांनाच माहीत होतं, पण त्या चिखलात उभं राहिल्यावर सरांना कळलं की आपल्या आराखड्याने वाडीची सावड मधोमध कापली आहे. अर्धी वाडी इकडे आणि अर्धी तिकडे गेली तर कोणाचीच लावणी वेळेवर व्हायची नाही. लोक तोंडाने हो म्हणत होते आणि हलत नव्हते ते याच्यामुळे. आम्ही घरं मोजली, माणसं मोजली, गुरंसुद्धा मोजली होती. सावड कोणाच्या ध्यानात आली नव्हती.

नंतर शहापूरला आराखड्याच्या मंजुरीची बैठक झाली. मी सरांच्या शेजारी होते. सर उठले आणि म्हणाले, “हा आराखडा माझा आहे आणि तो चुकला आहे. मी तो मागे घेतो. सगळ्या वाडीला एकच जागा द्या.” खोलीत सगळे एकमेकांकडे पाहू लागले. एक अधिकारी काकुळतीला येऊन म्हणाले, “सर, आता कुठे मंजुरीला आलंय. जाऊ द्या ना.” सर म्हणाले, “मंजूर होईल हो, पण तिथे राहायला कोणी जाणार नाही.” कित्येक वर्षांचं काम एका वाक्यात पुसून ते खाली बसले. मला इतका राग आला की मी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही. त्यांनीही मनधरणी केली नाही, फक्त काकूंबरोबर सुकटीची चटणी पाठवली.

एकच जागा शोधायची नवी फाइल सुरू झाली आणि सर दर पावसाळ्यात वाडीतच राहू लागले. तोवर पाऊस थोडाच थांबतो? धो धो पावसात लोकांनी खालच्या गावातल्या शाळेत जावं म्हणून वाडीत भोंगा बसवला होता. भोंगा वाजला की माणसं दारात यायची, वर डोंगराकडे बघायची आणि परत चुलीपाशी जायची. सावडीची एक रीत सरांच्या मनात बसली होती. ज्याच्या शेतात लावणी, त्याच्याकडे संध्याकाळचं जेवण, आणि शेवटचा माणूस पंगतीला बसल्याशिवाय वाढप सुरू होत नाही. सरांनी शिवरामला सांगितलं, “पाऊस झोडपायला लागला की त्या दिवशीची पंगत वाडीत नको, खालच्या शाळेत बसव.” भागीबाई भडकल्या. “आपली चूल सोडून शाळंत जेवायचं? आमी काय निराधार हाव?” पण काकू तांदूळ घेऊन शाळेत जाऊन बसल्या, मग कोण काय बोलणार? वाडी जेवायला खाली उतरली आणि तिथेच झोपली. भोंग्याने जे झालं नाही ते भाताच्या पातेल्याने झालं. कोण आलं नाही हे कळायला हजेरी लागत नाही. पंगत अडली की कळतं.

गेल्या वर्षी अशाच एका पंगतीला मी होते. दुपारपासून पाऊस वेड्यासारखा कोसळत होता. शेतं सोडून सगळे खाली आले होते, पत्रावळी मांडल्या होत्या, भाताची वाफ येत होती आणि पोरं रडकुंडीला आली होती. शिवरामने डाव उचलला आणि भागीबाई म्हणाल्या, “वाढू नको.” आम्ही इकडे-तिकडे पाहिलं. काकूंचा चेहरा एकदम उतरला. सरच आले नव्हते. भेगेच्या दोन्ही बाजूंना त्यांनी खुंट्या ठोकल्या होत्या, त्यांच्यातलं अंतर बघायला ते वर थांबले होते. शिवराम आणि आणखी दोघं इरलं डोक्यावर घेऊन निघाले, तेवढ्यात सर चिखलाने माखलेले दारात उभे राहिले. काही बोलायच्या आत भागीबाईंनी त्यांना धारेवर धरलं. “मास्तर, सगळी आल्याबिगर वाढायचं नाय, ह्यावर तर तुमचा सगळा बेत हाय ना? मग तुमीच मागं ऱ्हाता? पोरं उपाशी बसल्यात तुमच्यापायी.” पंचाहत्तरीला टेकलेल्या, देशभर व्याख्यानं दिलेल्या माणसाने हात जोडले, “चुकलो बाई,” म्हणाले आणि पंगतीच्या टोकाला जाऊन बसले. मग वाढप झालं.

सकाळी वर गेलो. सरांच्या घराची मागची भिंत नव्हती. डोंगराचा एक तुकडा आत आला होता आणि सर ज्या बाजेवर झोपायचे ती चिखलाखाली गेली होती. बाकी घरं शाबूत होती. मी तिथेच खाली बसले. काकू चिखलातून पातेली उचलू लागल्या. सर म्हणाले, “बरं झालं, माझ्याच घरावर आलं. आता फाइल हलेल.” मी तोंडाला येईल ते बोलले. गुरूला बोलू नये असंही बोलले. त्यांनी ऐकून घेतलं.

फाइल हलली नाही. माझ्या आयुष्यातला सगळ्यांत मोठा धक्का कोणता असं विचाराल तर तो पडलेल्या भिंतीचा नव्हे, हा आहे. वाडी यायला तयार आहे, एकच जागा पाहून झाली आहे, सगळे कागद जोडले आहेत, आणि सर भिंत लिंपून पुन्हा त्याच घरात राहायला गेले आहेत.

सरांच्या पंचाहत्तरीच्या सत्काराचं आमंत्रण द्यायला मी वाडीत गेले तेव्हा भागीबाई मला वाटेपर्यंत सोडायला आल्या. म्हणाल्या, “शाल घाला गो त्यांना, नारळ द्या, काय करायचं ता करा. पन ह्या पावसात त्यांना परत धाडू नका. शहापूरला ठेवून घ्या. आमचं आमी बघू. आमच्यापायी त्यांचं काय झालं तर तोंड कुठं दाखवावं?” त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी मागे फिरून हे सरांना सांगितलं. ते म्हणाले, “वाडी उतरली की मी उतरतो. शेवटचं घर माझं.”

अशा लेखाच्या शेवटी उत्सवमूर्तीला शंभर वर्षांचं निरोगी आयुष्य चिंतायचं असतं, आणि मी ते अगदी पोटातून चिंतते. पण ही शुभेच्छा एकट्या सरांना देता येत नाही. ती काकूंना द्यावी लागते, भागीबाईंना, शिवरामला आणि त्या उताराखाली झोपणाऱ्या प्रत्येक लेकराला द्यावी लागते, नाहीतर ती सरांपर्यंत पोचतच नाही. हा ग्रंथ वाचणाऱ्यांत सरांचे पुष्कळ विद्यार्थी आहेत आणि त्यांतले कितीतरी आज मोठ्या खुर्च्यांवर बसतात. खैराच्या वाडीची फाइल तुमच्यापैकी कोणाच्या तरी टेबलावर आहे. ज्याच्या टेबलावर असेल त्याने सत्काराला उशिरा आलं तरी चालेल. आधी सही करून यावं.