भेगेखालचं घर

मी आंदर मावळातल्या एका शाळेत भूगोल शिकवते. राहायला तळेगावात आहे. टाकवे बुद्रुकपर्यंत रस्ता बरा, त्याच्या पुढे स्कूटर जपून न्यावी लागते.

गेल्या पावसाळ्यात नववीच्या मुलांपुढे मी आमच्याच भागाचा नकाशा अंथरला. समोच्च रेषा शिकवायच्या होत्या. एका मुलीने शाळा शोधली, ओढा शोधला, आणि ओढ्याच्या कडेने बोट वर सरकवत म्हणाली, "बाई, आमचं घर हितं."

तिच्या बोटाच्या वर रेषा एकमेकींना चिकटल्या होत्या. मी विचारलं, "रेषा इतक्या जवळ आल्या तर काय समजायचं?"

"चढ उभा हाय." मग सहज म्हणाली, "आता त्यो जेसीबीनं कापलाय. वर बंगल्यांना रस्ता चाललाय."

शनिवारी शाळा सुटल्यावर मी तिच्याबरोबर गेले. घरामागे डोंगर भिंतीसारखा उभा कापला होता. ऊन-पावसाने झिजून विदारण झालेला खडक कसा दिसतो ते मी फळ्यावर कितीदा सांगितलं असेल. इथे तो नखाने खरवडला तरी सुटत होता. वरच्या गवतात एक भेग होती. छत्री टेकवली तर अर्धी आत गेली.

तिचे आजोबा गोठ्याच्या दारात बसले होते. मी म्हटलं, "आबा, पाऊस ओसरेपर्यंत सगळे शाळेत येऊन राहा. मी मुख्याध्यापकांशी बोलते."

"भेगा दरसाल पडत्यात, बाई."

"ही तशी नाही."

"आन् म्हशी? त्या बी वर्गात बांदायच्या?"

सोमवारी तालुक्याला जाऊन अर्ज दिला. टेबलामागच्या माणसाने शिक्का मारला, म्हणाला, "पाहणी करू." बाहेर आल्यावर मला हलकं वाटलं. त्या हलकं वाटण्याची आज लाज वाटते.

पाऊस लागून राहिला. त्या मुलीने घरी आईवडिलांना वहीत रेषा काढून दाखवल्या, आणि ते दोघं तिला घेऊन अंथरुणांसकट शाळेत राहायला आले. आबा म्हशींपाशीच थांबले. मी समाधानात होते. ती मुलगी रोज मधल्या सुट्टीत आबांची भाकरी घेऊन त्याच घरी जाते, हे मला कुणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

गुरुवारी तिचा गृहपाठ अपुरा होता. मी तिला सुट्टीत बसवून ठेवलं. ती उशिरा निघाली. थोड्याच वेळात मोठा ट्रक खडी ओततो तसा आवाज आला. मी धावत गेले. ती ओढ्यापाशी भाकरीचं फडकं छातीशी धरून उभी होती. शेजारी आबा. भाकरी का आली नाही ते बघायला ते खाली उतरले होते. घर अर्धं उभं होतं, गोठा दिसतच नव्हता. आबा म्हशींना हाका मारत राहिले.

लोक म्हणतात, बाईंच्या नकाशामुळे वाचले. मला माहीत आहे, ती मुलगी आणि आबा एका अपुऱ्या गृहपाठामुळे वाचले.

दुसऱ्या दिवशी आबा खाचरात उभे होते. गुडघाभर मुरूम आणि दगड. "गाळ आला असता तर बरं झालं असतं, भाताला लागतो," ते म्हणाले. "ह्याचं काय करू?" पुस्तकात याला संचयन म्हणतात.

ते कुटुंब आता सोमाटण्यात एका खोलीत राहतं. मुलगी तिथल्या शाळेत जाते. आबा दिवसभर दारात बसतात, असं तिचे वडील सांगत होते.

त्यांच्या वाडीतली बाकीची चार घरं अजून त्याच कापलेल्या डोंगराखाली आहेत. रस्त्याचं काम काही दिवस बंद होतं, मग सुरू झालं. मी दुसरा अर्ज दिला, तिसरा दिला. घरोघरी जाऊन सांगितलंही. लोक चहा देतात, ऐकून घेतात. परवा एक मावशी म्हणाली, "कळतंय बाई. पन जायचं कुटं?"

मी कप खाली ठेवला आणि निघाले.