वल्ह्यांच्या लाकडाचे क्यू

ठाकूरद्वारच्या आमच्या वाडीत शिरलं की डाव्या हाताला आमचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक लांबट खोली आणि पुढे फळ्यांचं दार. आत बिलियर्ड्सचे क्यू बनत. गिरगावात पाट-पोळपाट आणि देव्हारे करणारे सुतार पुष्कळ होते, क्यू करणारे आमचेच. वाडीतल्या बायका विचारायच्या, तुझे यजमान नेमकं करतात तरी काय? मी सांगायचे, साहेब लोक टेबलावर गोट्या खेळतात, त्यांच्या काठ्या करतात. त्या हसायच्या. मीही हसायचे. ते टेबल मी जन्मात पाहिलं नव्हतं.

हे रत्नागिरीकडचे. यांचे भागीदार भावनगरकडचे, तेही सुतारच. फोर्टातल्या एका फर्निचरच्या कारखान्यात दोघं एकत्र काम शिकले आणि मग दोघांनी मिळून हे दुकान टाकलं. भागीदारांना मी भाई म्हणायचे, ते मला भाभी म्हणत. क्यूचा वरचा निमुळता भाग यांच्याकडे असायचा. खालचा जाड भाग भाईंचा. तिथे फिकट लाकडात काळा आबनूस असा बसवायचा की सांध्यावरून नख फिरवलं तरी अडकू नये. गिऱ्हाईक आलं की हे आधी त्याची उंची, मग हाताची लांबी बघत. मग त्याला जुना क्यू हातात देऊन नुसतं उभं करत आणि तो कसा वाकतो ते बघत बसत. त्याप्रमाणे वजन ठरायचं आणि तेवढं शिसं बुडख्यात जायचं.

परदेशी लाकूड मिळेनासं झालं तेव्हा हे माझगावला, मोडीत निघालेल्या बोटींचा माल विकतात तिथे जाऊ लागले. तिथून जुनी वल्ही आणत. खारं पाणी आणि ऊन खाल्लेलं ते लाकूड पुन्हा वाकायचं नाही, असं यांचं म्हणणं. दुकानात वल्ही उभी करून ठेवलेली असत आणि त्यांना माशांचा वास यायचा. भाईंच्या आई, बा, शुद्ध शाकाहारी. त्या दुकानात आल्या की नाकाला पदर लावायच्या आणि यांना म्हणायच्या, तुझं अर्धं दुकान कोळीवाडा आहे.

माझं काम अळशीच्या तेलाचं. तयार झालेला क्यू हे घरी आणायचे आणि मी तळव्यानं त्यात तेल जिरवायचे. फडकं वापरायचं नाही, हाताची ऊब लागते. आम्हाला मूल नव्हतं. दुपार अशीच जायची. कुठे लाकूड किंचित फुगलंय, कुठे रंधा जास्त लागलाय, ते माझ्या हाताला कळू लागलं. मी सांगितलं की हे तो क्यू मुकाट्यानं परत घेऊन जात.

मग संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली. हे सभांना जायचे आणि घोषणा देऊन घसा बसवून यायचे. भाई त्यांच्यासाठी आल्याचा चहा मागवायचे आणि म्हणायचे, मुंबई घ्या बाबा तुम्ही, पण दुकान वेळेवर उघडा. दोघांत त्यावरून कधी शब्द झाला नाही. बाहेर मात्र हवा बदलत चालली होती. भाईंच्या नात्यातले काही जण बायकामुलांना गावी पाठवू लागले. भाईंनी लग्न केलं नव्हतं, ते आणि बा एवढेच. बांना विचारलं तर त्या म्हणाल्या, मी गावाला जाऊन काय करू, मला सगळे इथलेच ओळखतात.

तो दिवस सकाळपासूनच अस्वस्थ होता. भाई एका क्लबात तयार क्यू पोचवायला गेले होते आणि रस्ते बंद झाल्यामुळे तिकडेच अडकले. दुपारी वाडीत कोणी सांगत आलं की भुलेश्वरच्या बाजूला दगडफेक चाललीय. भाईंची खोली त्याच बाजूच्या एका गल्लीत होती. यांनी हातातला रंधा खाली ठेवला आणि सदऱ्यावरचा भुसा झटकला.

"बा एकटी आहे. घेऊन येतो," एवढंच म्हणाले.

मी सांभाळून जा म्हटलं. त्यांनी मान हलवली.

फटाक्यांसारखे आवाज आले तेव्हा मी बांसाठी चटई अंथरत होते. गोळीबार झाला म्हणून लोक पळत वाडीत शिरले. त्यातल्या एकानं मला पाहिलं आणि तो थांबला. तो काही बोलायच्या आत मी धावत सुटले.

मुख्य रस्त्याच्या कडेला, एका बंद दुकानाच्या पायरीपाशी हे आडवे होते. डोकं बांच्या मांडीवर होतं. बांनी आपल्या पदराचा बोळा करून यांच्या छातीवर दाबून धरला होता आणि त्या एकसारखं म्हणत होत्या, "ऊठ दीकरा, ऊठ." सगळे पळाले होते. त्या म्हाताऱ्या बाईनं यांना सोडलं नव्हतं. हातगाडीवर घालून आम्ही त्यांना इस्पितळात नेलं. डॉक्टरांना करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

भाई संध्याकाळी पोचले. ते माझ्यासमोर आलेच नाहीत. भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

दिवसवार झाल्यावर वाडीतली मंडळी आली. चांगली माणसं होती, यांच्याबरोबर सभांना जाणारी. वाडीच्या चौकात फलक लावायचा होता, यांचा फोटो हवा होता. मोर्चाच्या अग्रभागी छातीवर गोळी झेलली, असा मजकूर त्यांनी वाचून दाखवला. मी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हटलं, "हे मोर्चात नव्हते. बांना आणायला गेले होते."

मग त्यांच्यातले वयस्कर गृहस्थ हळूच म्हणाले, "वहिनी, आता ते सांगायची वेळ नाही."

फोटो मी दिला. आमच्या लग्नातला होता, त्यातून यांना कापून वेगळं काढलं. फलक लागला, हार पडले, भाषणं झाली. भाषणातला माणूस शूर होता. तो माझ्या ओळखीचा नव्हता. माझा माणूस दुसऱ्याच्या आईचा हात धरून, तिच्या चालीनं चालत येत होता. ते कोणालाच नको होतं.

दुकान बंदच होतं. एक दिवस भाई दारात आले. हातात यांच्या हातचा, अर्धा रंधलेला क्यू होता. एका डॉक्टरांचा होता तो. म्हणाले, "भाभी, हा वरचा भाग माझ्यानं होत नाही. तुमच्या हाताला कळतं."

मी म्हटलं, मला रंधा धरता येत नाही. ते म्हणाले, तो धरायला मी शिकवतो.

अशी मी दुकानात जाऊ लागले. पहिल्यांदा लाकूड नुसतं ओरबाडलं गेलं. भाई रागावले नाहीत. पाती परजून पुन्हा हातात देत. हळूहळू कागदासारखी सलग ढलपी निघू लागली. तो डॉक्टरांचा क्यू मी पुरा केला. टेबलावर घरंगळवला तेव्हा तो सरळ, न अडखळता गेला. भाई वळून लेथ पुसू लागले. बराच वेळ पुसत होते.

लोक बोलू लागले, ते मला दिसत होतं. विधवा बाई, परका पुरुष, त्यातून त्या वेळी गुजराती. बांनाही ते दिसलं असावं. त्या रोज सकाळी भाईंबरोबर येऊन दुकानाच्या उंबऱ्यात बसायला लागल्या. तांदूळ निवडायच्या, माळ ओढायच्या, येणाऱ्या-जाणाऱ्याकडे रोखून बघायच्या. माशांच्या वासानं आता त्या नाकाला पदर लावत नसत. त्या तिथे बसल्यावर कोणाची एक शब्द बोलायची हिंमत झाली नाही.

महाराष्ट्र झाला त्याच्या आधीच्या थंडीत बा गेल्या. झोपेतच गेल्या. भाईंनी सगळं रीतसर केलं आणि मग एके दिवशी दुकानात सांगितलं की ते गावी चाललेत. दुकान, लेथ, लाकूड, सगळं माझ्याकडेच ठेवायचं त्यांनी ठरवलं होतं.

मी विचारलं, "कोणी काही म्हणालं का?"

"कोणी नाही."

"मग?"

ते हातातला आबनुसाचा तुकडा फिरवत राहिले. "मी त्या दिवशी घरी असतो तर तो गेला नसता. भाभी, तुम्हाला बघितलं की रोज तेच दिसतं."

मला म्हणायचं होतं, थांबा. हे खरे कसे गेले ते सांगणारे आता तुम्ही आणि मीच आहोत, तुम्ही गेलात तर मी एकटी उरेन. पण ज्याला रोज तेच दिसतं त्याला कसं थांबवायचं? मी त्यांना वाटेसाठी दशम्या करून दिल्या.

नवं राज्य आलं तेव्हा चौकात रोषणाई केली होती. फलकावरच्या यांच्या फोटोलाही दिव्यांची माळ होती. बायका मला औक्षणाला घेऊन गेल्या. मी गेले.

पुढे काही वर्षं मी एकटीनं क्यू केले. सांधा भाईंसारखा जमला नाही. गिऱ्हाइकं कमी होत गेली आणि शेवटी दुकानाच्या जागी इस्त्रीवाला आला.

कितीतरी वर्षांनी द्वारकेच्या यात्रेहून परतताना वाट वाकडी करून मी भावनगरला गेले. विचारत विचारत घर सापडलं. भाई त्याच्या आदल्या वर्षी वारले होते. घरात त्यांचा पुतण्या आणि त्याची बायको होती. भाई तिथे पाळणे आणि खाटेचे पाय करायचे, असं ती दोघं म्हणाली. क्यू म्हणजे काय ते त्या दोघांना माहीत नव्हतं. मुंबईत काका काहीतरी सुतारकाम करायचे, एवढंच ठाऊक होतं. मी यांच्याबद्दल विचारलं. भाईंनी त्या घरात यांचं नाव कधीच काढलं नव्हतं. इतकी वर्षं मी धरून चालले होते की गुजरातेत एका घरात तरी ती खरी हकीकत माहीत असेल.

पुतण्याच्या बायकोनं पाणी दिलं आणि विचारलं, तुम्ही त्यांच्या कोण?

मग माझ्या मोडक्यातोडक्या गुजरातीत मी सांगायला बसले. वल्ह्यांपासून सुरुवात केली. बा कशा होत्या ते सांगितलं, मग ती दुपार. ती ऐकत होती. मध्येच उठून तिनं चुलीवरचं दूध उतरवलं आणि परत येऊन बसली. मी पुढे सांगत राहिले.