झाकणावरची चावी

बोईसरच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर दिनानाथने एक जुनी होडी घेतली. त्याच्या बायकोचं, सुलूचं माहेर खाडीपलीकडे होतं आणि रस्त्याने जायचं म्हणजे मोठा वळसा पडायचा.

होडीमागचं इंजिन दोरी ओढताच सुरू व्हायचं, पण अर्ध्या खाडीत बंद पडायचं. दिनानाथने प्लग घासला, पेट्रोलची नळी फुंकून पाहिली, पंख्यात गुंतलेलं जाळंही सोडवलं, तरी तेच. विकणाऱ्याने आपल्याला गंडवलं, असं त्याला वाटू लागलं.

एका रविवारी सुलू हट्टाने बरोबर निघाली. अर्ध्या खाडीत इंजिन थांबलं. पेट्रोलची टाकी आत ओढल्यासारखी चेपली होती.

"झाकणावर ही चावी कशाला हाय?" सुलूने विचारलं.

"टाकीत हवा जायला. मीच पहिल्या दिवसापासून घट्ट बंद ठेवलीय." बोलता बोलता तो थांबला. हवाच नाही, तर पेट्रोल पुढे सरकणार कसं?

"बंद कशाला केली?"

"पेट्रोलच्या वासानं तुला मळमळतं ना."

सुलूने चावी सैल केली. इंजिन पुन्हा सुरू झालं आणि या वेळी थांबलं नाही. पदराने नाक झाकून ती माहेरच्या धक्क्यापर्यंत त्याच्या शेजारीच बसून राहिली.