वारिजाचं सासर

मुडबिद्रीत येऊन जलजक्काला तिसरं वर्ष लागलं, तरी गल्लीत तिला सगळे ‘घाटाकडची’च म्हणत. नवरा गेल्यावर तिने चार्माडी घाटाच्या पायथ्याचं घर विकलं आणि इथे एक खोली घेतली. दिवसभर मांडीवर सूप, सुपात पानं नि तंबाखू. विड्या वळणाऱ्या बाकीच्या बायका समोरच्या कुसुमक्काच्या ओट्यावर जमत. हिला कोणी बोलावलं नाही आणि ही आपणहून गेली नाही.

लेक मागे राहिली, ही एकच गोष्ट तिला आतून खात होती. तीन महिन्यांची वारिजा गेली, त्याला बावीस वर्षं झाली. मेलेली मुलंही वर्षावर्षाने वाढतात, हे तुळू मुलखात कुणाला सांगावं लागत नाही. आटी महिन्यात, भर पावसाळ्यात, घरोघरी मेलेल्यांना जेवू घालतात. जलजक्काही लेकीचं पान वाढून दार ओढून घ्यायची. घटकाभराने उघडलं की भातावर बोटाचा खळगा असायचा. मुडबिद्रीत मात्र दोन्ही वर्षं भात जसाच्या तसा. यंदाही तसाच.

ती पानासमोर बसून म्हणाली, “वाट सापडली नाही ना गं तुला? निघताना मी सांगितलंच नाही.”

तेवढ्यात काडेपेटी मागायला आलेली कुसुमक्का उंबऱ्यातच थबकली.

“मुलगी होती तुम्हाला?”

“आहे,” जलजक्का म्हणाली. “बावीस वर्षांची.”

कुसुमक्का आत येऊन पानाजवळ बसली. तिचा थोरला, चेन्नप्पा, दोन वर्षांचा असताना तापाने गेला होता. आता धाकट्याची तीन स्थळं मोडली, तेव्हा जाणत्याने सांगितलं, थोरला दारात अडून बसलाय, आधी त्याचं लग्न करा.

“वर्षभर त्याच्यासाठी अशीच गेलेली मुलगी शोधतेय मी. एक मिळाली तर कूळ एकच निघालं. तुमचं कूळ कोणतं?”

कूळ त्यांच्यात आईकडून चालतं; जलजक्काने ते सांगितलं. वेगळं होतं.

“बघा! आणि नवरी समोरच्या दारात!”

“पण ती इथे नाही हो. आलीच नाही.”

“मग आणू की. नवरीला कुणी ‘तुझी तू ये’ म्हणतं का?”

दुसऱ्या दिवशी सकाळीच दोघी मोनप्पाच्या रिक्षातून निघाल्या. जुन्या घराच्या नव्या मालकिणीने काही विचारलं नाही. हात जोडले आणि आत गेली. जलजक्का अंगणातल्या फणसाखाली उभी राहिली.

“वारिजा, चल. तुझं लग्न ठरलंय.”

पाऊस पडतच होता. फणसाखाली मात्र पानांतून गळणारं पाणी थांबलं.

परतताना दोघी कडेकडेला अंग चोरून बसल्या. वाटेत एकाने हात केला. “जागा आहे की मधे!”

“नवरी बसलीय,” मोनप्पा म्हणाला. तो माणूस लगेच मागे सरला.

पुढच्या चढावर मोनप्पा हळूच म्हणाला, “अक्का, जाताना गाडी हलकी होती.”

“माझं वजन काढतोस होय रे?” कुसुमक्का म्हणाली. कुणीच हसलं नाही.

रविवारी लग्न. पाटांवर नवरा-नवरी म्हणून चांदीच्या दोन लहान मूर्ती मांडल्या. जिने तीन वर्षांत पाहुणा पाहिला नव्हता, त्या खोलीत गल्लीतल्या बायका मावेनात. नवरीपुढे साडी ठेवली, फुलं ठेवली, आणि साऱ्याजणी थांबून राहिल्या.

“नवरी अजून नेसतेच आहे का? मुहूर्त टळेल!” बाहेरून कुणीतरी ओरडलं.

“टळू दे! इतकी वर्षं थांबलात, घटकाभर आणखी थांबा!” जलजक्का आतून कडाडली. बायका खो खो हसल्या. आपला आवाज या गल्लीत एवढा मोठा निघाला, याचं तिलाही हसू आलं.

मग कुसुमक्काच्या घरी नव्या जोडप्यासाठी दोन पानं वाढली. दार ओढून सगळे ओट्यावर आले. जलजक्काने घरच्या दैवताचं नाव घेतलं. अजूनही तिला खात्री नव्हती. रिक्षात खरंच कुणी बसलं होतं की नाही, कोण सांगणार?

दार उघडलं.

नवरीच्या भातावर खळगा होता. जुन्या घरी शेवटचा दिसला होता त्याहून मोठा. चांगला मोठ्या बाईच्या बोटाचा.

जलजक्का पानाजवळ वाकली. “वाढली गं,” ती पुटपुटली.

“वारिजाच्या आई,” कुसुमक्काने तिचा हात धरला, “विहीण म्हणून जेवायला या आधी. नाहीतर सून म्हणेल, माझ्या आईला उपाशी ठेवलं.”

वारिजाची आई. बावीस वर्षांत ही हाक तिला कुणी मारली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती सूप घेऊन समोरच्या ओट्यावर गेली. बायका सरकल्या. तिच्या नि कुसुमक्काच्या मधे चटईवर एकीपुरती जागा राहिली. तिथे कुणी बसलं नाही.